पापणीच्या इसबाचे कारण बोटांच्या टोकाशी

प्रश्न : माझे वय 36 वर्षे आहे. गेली 3 वर्षे माझ्या दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांना आणि डोळ्यांखालच्या त्वचेला सतत खाज येते. आधी त्वचा लालसर होऊन सुजते, मग कोरडी पडते, तिचे पापुद्रे निघतात आणि जरा बरे वाटू लागले की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. औषधाच्या दुकानातून आणलेले एक मलम लावले की दोन दिवसांत आराम पडतो. ते बंद केले की आठवडाभरात त्रास परततो, म्हणून आता मी ते जवळजवळ रोजच लावते. पापणीची त्वचा काळपट आणि सुरकुतलेली दिसू लागली आहे. प्रसाधनांमुळे हे होत असेल असे वाटून वर्षभरापूर्वी मी काजळ, मस्कारा, आयलायनर हे सगळे सोडले. हौस म्हणून आता फक्त नखांना जेल पॉलिश लावून घेते. तरीही फरक नाही. लहानपणी मला दमा होता. मागच्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी जुने मलम थांबवायला सांगितले, टॅक्रोलिमसचे मलम लिहून दिले आणि पॅच टेस्ट सुचवली. पण मलमाच्या माहितीपत्रकात कर्करोगाचा उल्लेख वाचून मी घाबरले आणि ते लावलेच नाही. कार्यालयातील एक सहकारी हा रोग आपल्यालाही लागेल या भीतीने माझ्या शेजारी बसणे टाळते. हा रोग संसर्गजन्य आहे का? तो कायमचा बरा होतो का? माझ्या 6 वर्षांच्या मुलीलाही तो होईल का? आणि ते नवे मलम लावू की नको?

उत्तर :

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर एका वाक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. हा रोग संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एकाच टॉवेलने किंवा शेजारी बसल्याने तो कोणालाही लागत नाही. तुमच्या सहकारी बाईंना हे निःसंकोच सांगा, कारण तीन वर्षांच्या खाजेवर हा दुरावा सोसण्याचे तुम्हाला काहीही कारण नाही.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तरीही तुमच्या पत्रातील वर्णन पापणीच्या इसबाशी, म्हणजे एक्झिमाशी, चांगलेच जुळते. दोन्ही डोळ्यांना सारखाच त्रास, खाज हे मुख्य लक्षण, मधूनमधून सूज आणि नंतर कोरडे पापुद्रे, त्यात लहानपणचा दमा, असे हे चित्र आहे. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेला सल्लाही याच निदानाला धरून आहे आणि मला तो योग्य वाटतो. मात्र तुमच्या पत्रातील एक वाक्य मी दोनदा वाचले. तुम्ही डोळ्यांची सर्व प्रसाधने सोडली आणि नखांची तेवढी ठेवली, हे ते वाक्य. तुमच्या त्रासाचा एक धागा तिथे असण्याची बरीच शक्यता आहे. असे का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगायला हवे.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा आहे. तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते, तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि आतील ऊती सैल असतात; म्हणून थोडासा दाह झाला तरी पापणी सकाळी फुगलेली दिसते. पातळ त्वचेतून बाहेरचे पदार्थही सहज आत शिरतात. त्वचेच्या वेगवेगळ्या भागांतून औषध किती प्रमाणात शोषले जाते, याचे मोजमाप 1967 मध्ये झाले, तेव्हा हाताच्या कोपरापुढील भागाच्या तुलनेत कपाळाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिझोन सुमारे 6 पट शोषले जाते असे दिसले होते. पापणी तर कपाळापेक्षाही नाजूक. तळहाताची किंवा बोटांच्या टोकांची जाड त्वचा जो पदार्थ मुकाट्याने सहन करते, त्याच पदार्थाचा कणभर अंश पापणीला मात्र पेटवू शकतो.

त्यात तुमच्या त्वचेची जडणघडण बहुधा मुळातच थोडी वेगळी आहे. लहानपणी दमा, कुटुंबात ॲलर्जीची सर्दी किंवा दमा, आणि त्याबरोबर इसब, या प्रवृत्तीला ॲटोपी म्हणतात. अशा अनेकांच्या त्वचेतील संरक्षक थर जन्मतःच कमकुवत असतो. त्वचेचा बाहेरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा आणि ॲटोपिक इसबाचा संबंध 2006 मध्ये सिद्ध झाला, आणि तेव्हापासून या रोगाकडे केवळ रक्तातील ॲलर्जी म्हणून न पाहता गळक्या कुंपणाचा रोग म्हणूनही पाहिले जाऊ लागले. कुंपण गळके असले की आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येतात. आरशात पाहिल्यावर तुमच्या खालच्या पापणीखाली एक जास्तीची आडवी घडी दिसते का, ते पाहा. अशी घडी आणि डोळ्यांभोवतीचा काळेपणा यांचा समावेश हनिफिन आणि रायका यांनी 1980 मध्ये मांडलेल्या ॲटोपिक इसबाच्या निकषांमध्ये आहे. ती असली म्हणजे रोग असलाच पाहिजे असे नाही, पण तुमच्या डॉक्टरांना निदानाच्या वेळी तिचा उपयोग होईल.

मात्र केवळ ॲटोपीने हा प्रश्न सुटत नाही. पापणीच्या इसबाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण संपर्कजन्य ॲलर्जी हे आहे, आणि ॲटोपी असलेल्या माणसाला ती होत नाही असे मुळीच नाही. दोन्ही एकत्र नांदतात. या ॲलर्जीचे स्वरूप समजले, की वर्षभर प्रसाधने सोडूनही फरक का पडला नाही ते उमगते. ही ॲलर्जी लगेच उठणाऱ्या पित्तासारखी नसते. त्वचेतील पेशींनी एखाद्या पदार्थाची एकदा ओळख करून घेतली, की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर साधारण 1 ते 3 दिवसांनी दाह सुरू होतो. शुक्रवारी लागलेल्या पदार्थाचा त्रास रविवारी दिसत असेल, तर कोणीही रविवारच्या गोष्टींवर संशय घेणार. शिवाय ज्या पदार्थाने ॲलर्जी होते तो अनेक वर्षे बिनतक्रार वापरलेला असू शकतो, त्यामुळे ‘हे तर मी नेहमीचेच वापरते’ हा युक्तिवाद इथे कामी येत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पापणीला त्रास देणारा पदार्थ बहुतेकदा पापणीवर लावलेला नसतो, तो दुसरीकडून तिथे पोहोचतो. केसांवरून ओघळणारा शाम्पू आणि कंडिशनर, केसांचा रंग, हाताला लावलेले सुगंधी क्रीम, चिमटा किंवा पापण्यांचे केस वळवण्याच्या साधनातील निकेल, प्रसाधन लावण्याच्या स्पंजातील रबर, डोळ्यांत घालण्याच्या थेंबांमधील संरक्षक रसायन किंवा निओमायसीनसारखे प्रतिजैविक, हवेतून उडणारा फवारा किंवा वनस्पतींची धूळ, हे सगळे पापणीपर्यंत येते. आणि नखे तर दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यांजवळ जातात. झोपेत, विचारात, खाज आली म्हणून, चष्मा सावरताना आपण पापण्यांना किती वेळा हात लावतो हे आपल्या लक्षातही येत नाही.

साध्या नेलपॉलिशमधील टोसिलामाइड फॉर्माल्डिहाइड रेझिन या घटकाची ॲलर्जी पापण्यांवर आणि मानेवर उठते, हे त्वचारोगशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. जेल पॉलिशमध्ये ॲक्रिलेट वर्गातील रसायने असतात. ती दिव्याखाली धरून कडक केली जातात. पूर्ण कडक झाल्यावर त्यांचा त्रास कमी असतो, परंतु दिवा कमी क्षमतेचा असेल, वेळ अपुरा दिला असेल किंवा पॉलिश नखाबाहेरच्या त्वचेला लागले असेल, तर न जुळलेले रेणू शिल्लक राहतात आणि तेच ॲलर्जी निर्माण करतात. घासून काढताना उडणारी भुकटीही चेहऱ्यावर बसते. बोटांची त्वचा जाड असल्याने तिथे काहीच दिसले नाही तरी पापण्या मात्र सुजतात. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साठी ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून ॲक्रिलेटचीच निवड केली होती, यावरून या विषयाचे गांभीर्य लक्षात यावे.

तुम्हाला ॲक्रिलेटचीच ॲलर्जी आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तुमचा त्रास जेल पॉलिशच्याही आधी सुरू झाला की नंतर, हे पत्रातून स्पष्ट होत नाही. त्या तारखा आठवून लिहून काढा. परंतु ती ॲलर्जी असेल तर तिची किंमत पापण्यांपुरती राहत नाही, म्हणून इतका वेळ घेतो आहे. ॲक्रिलेट वर्गातील रसायने दातांच्या भरणात, हाडे बसवण्याच्या सिमेंटमध्ये आणि रक्तशर्करा मोजण्यासाठी अंगावर चिकटवण्याच्या काही उपकरणांतही असतात. आज हौसेपायी वाढवलेली ॲलर्जी उद्या उपचाराच्या वेळी अडचणीची ठरू शकते. त्यामुळे तपासणीचा निकाल येईपर्यंत जेल पॉलिश काढून ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. ते घरी घासून काढू नका; नीट विरघळवून काढून घ्या, भुकटी उडू देऊ नका आणि त्यानंतर हात स्वच्छ धुवा. फरक आठ दिवसांत दिसला नाही तर निराश होऊ नका. दाह शमून त्वचेचे कुंपण पुन्हा उभे राहायला वेळ लागतो, त्यामुळे किमान 2 महिने तरी वाट पाहावी.

आता पॅच टेस्टविषयी. तुम्ही ती टाळली आहे की पुढे ढकलली आहे हे लिहिलेले नाही, पण ती नक्की करून घ्या. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही संपर्कजन्य ॲलर्जी शोधण्याची सर्वांत भरवशाची पद्धत आहे. संशयित पदार्थांचे ठरावीक प्रमाणातील नमुने छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून पहिली नोंद घेतात आणि साधारण 96 तासांनी दुसरी. काही पदार्थांची प्रतिक्रिया उशिरा उमटते म्हणून आठवड्याने तिसरीही घेतात. तेवढे दिवस पाठ ओली करता येत नाही आणि घाम येईल असे श्रम टाळावे लागतात, एवढीच गैरसोय. सुईने टोचून किंवा रक्तातून केली जाणारी ॲलर्जीची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. ती परागकण किंवा धुळीच्या तत्काळ ॲलर्जीसाठी असते, आणि त्या तपासणीत काही आढळले नाही म्हणून संपर्कजन्य ॲलर्जी नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. अनेकांची वर्षे या गल्लतीत जातात.

पॅच टेस्टला जाताना जेल पॉलिशचा उल्लेख स्वतःहून करा, कारण नेहमीच्या संचात ॲक्रिलेटचे नमुने सर्वत्र असतातच असे नाही; युरोपातील मूळ संचातही त्यांतील एका प्रमुख रसायनाचा समावेश 2019 मध्ये झाला. तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असाल किंवा पाठीवर स्टेरॉइडचे मलम लावत असाल, तर तेही सांगा, कारण त्यामुळे खरी प्रतिक्रिया दबून जाते. तपासणीत एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तोच गुन्हेगार असे लगेच ठरत नाही. तो पदार्थ तुमच्या रोजच्या वापरात आहे का, हे डॉक्टरांनी तुमच्यासोबत बसून जुळवून पाहावे लागते. हे जुळवणे घाईत उरकू देऊ नका.

दरम्यान घरी एक साधी तपासणी करता येते, पण ती फक्त त्वचेवर लावून ठेवण्याच्या वस्तूंसाठी. संशयित क्रीम कोपराच्या आतल्या बाजूच्या लहानशा जागी दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून पाहावे. तिथे खाज किंवा लाली आली तर ते थांबवावे. शाम्पू, साबण किंवा नखांची रसायने मात्र अशी स्वतः लावून पाहू नयेत; त्यांनी त्वचा भाजल्यासारखी होते आणि ॲलर्जी नसली तरी असल्याचा भास होतो, किंवा नसलेली नव्याने निर्माण होते. शाम्पू आणि चेहऱ्याच्या क्रीमवरील घटकांची यादी वाचताना सुगंध आणि मेथिलआयसोथायाझोलिनोन हे नाव आधी शोधा. हे संरक्षक रसायन इतक्या लोकांना त्रासदायक ठरले की युरोपीय संघाने 2017 पासून त्वचेवर तसेच राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ‘नैसर्गिक’ हा शब्द पाहून निर्धास्त होऊ नका. सुगंधी वनस्पतितेले हीसुद्धा ॲलर्जीची मोठी कारणे आहेत आणि पापणीवर तर ती लावूच नयेत.

आता त्या जुन्या मलमाकडे वळतो. दोन दिवसांत आराम आणि आठवड्यात पुनरागमन, ही खूण स्टेरॉइडच्या मलमाची आहे. नळीवरचे नाव वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे काही लिहिलेले असेल, किंवा त्याच नळीत बुरशीनाशक आणि प्रतिजैविकही मिसळलेले असेल, तर ते पापणीवर रोज लावण्याचे औषध नव्हेच. स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असा याचा अर्थ घेऊ नका. 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिझोनचे मलम उपयोगी ठरल्याचे दिसले, तेव्हा दाहाच्या त्वचारोगांचे उपचारच बदलून गेले, आणि आजही तीव्र उद्रेकात पापणीवर सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरणे योग्यच असते. प्रश्न तीव्रतेचा आणि कालावधीचा आहे. पापणीवर तीव्र स्टेरॉइड महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, सुरकुतते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात; तुम्हाला आरशात दिसणाऱ्या सुरकुत्यांमागे इसबाच्या जोडीला हेही असू शकते. काळेपणा हा दाहानंतर उरणारा रंगबदल असेल, तर दाह थांबल्यावर काही महिन्यांत तो हळूहळू उतरतो. पातळ झालेली त्वचा बऱ्याच प्रमाणात सावरते, मात्र उमटलेल्या रक्तवाहिन्या कधीकधी तशाच राहतात.

त्वचेपेक्षाही मला तुमच्या डोळ्यांची अधिक काळजी वाटते. पापणीवरील स्टेरॉइड झिरपून डोळ्यापर्यंत पोहोचते, आणि काही लोकांच्या डोळ्यांतील दाब त्याने वाढतो. हा दाब वाढताना दुखत नाही. काचबिंदूत आधी बाजूची नजर हळूहळू कमी होते, गेलेली नजर परत येत नाही आणि रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही. मोतीबिंदू लवकर होण्याचाही धोका असतो. तीन वर्षांच्या वापरानंतर नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळ्यांचा दाब, दृष्टिमज्जा (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) आणि भिंग यांची तपासणी करून घेणे मला अत्यावश्यक वाटते, आणि ती या पंधरवड्यातच व्हावी. त्याच वेळी बुबुळाचा आकारही पाहायला सांगा. वर्षानुवर्षे डोळे चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार ॲटोपी असलेल्यांमध्ये अधिक आढळतो. खाज आली की चोळण्याऐवजी स्वच्छ, थंड पाण्यात भिजवलेले मऊ कापड मिटलेल्या पापण्यांवर काही मिनिटे ठेवा. ही सवय लावून घ्यायला वेळ लागतो, पण तिचा फायदा औषधाइतकाच आहे.

जुने मलम थांबवल्यावर काही दिवसांत त्रास उसळून वर येईल, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण पुन्हा त्या नळीकडे वळतात आणि चक्र पहिल्यापासून सुरू होते. मलम एकदम बंद करायचे, की आधी सौम्य प्रकारावर येऊन टप्प्याटप्प्याने सोडायचे, हे तुमच्या डॉक्टरांनी नळी पाहून ठरवावे. आणखी एक शक्यता त्यांच्या कानावर घाला: क्वचित त्या मलमातीलच एखादा घटक, निओमायसीन किंवा अगदी स्टेरॉइडसुद्धा, ॲलर्जी निर्माण करत असतो, आणि जे लावल्याने आराम वाटतो तेच रोग जागता ठेवत असते.

टॅक्रोलिमस लावू की नको, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला ते लावायलाच सांगितले असते. माहितीपत्रकातील कर्करोगाच्या उल्लेखामागची हकिगत सांगितली तर तुमची भीती योग्य आकाराची होईल. हे औषध 1984 मध्ये जपानमध्ये मातीतील एका जिवाणूपासून मिळाले आणि अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून तोंडाने व शिरेतून दिले जाऊ लागले. तिथे संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ दाबली जाते, त्यामुळे काही कर्करोगांचे प्रमाण वाढते, हे खरे आहे. मलमाच्या रूपात ते 2000 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढे प्राण्यांवरील मोठ्या मात्रेचे प्रयोग आणि काही तुरळक रुग्णांच्या नोंदी यांच्या आधारे 2006 मध्ये तिथल्या नियामकांनी वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. त्यानंतर हे मलम वापरणाऱ्या हजारो मुलांचा किमान 10 वर्षे पाठपुरावा करण्यासाठी आखलेल्या अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले नाही. पापणीवर लावलेल्या मलमातून रक्तात जाणारी मात्रा गोळ्यांच्या मानाने नगण्य असते. उलट तुम्ही ज्याला निरुपद्रवी समजून रोज लावत होता, त्या मलमाने तुमच्या नजरेला असलेला धोका अधिक खरा आणि अधिक जवळचा आहे.

टॅक्रोलिमसने त्वचा पातळ होत नाही आणि डोळ्यांतील दाबही वाढत नाही, म्हणूनच पापणीसाठी ते इतके उपयोगी आहे. ते 0.03 टक्के आणि 0.1 टक्के अशा दोन प्रमाणांत मिळते. पापणीवर अनेक डॉक्टर कमी प्रमाणापासून सुरुवात करतात. पहिल्या काही दिवसांत लावल्यावर जळजळ होते, आणि ती पुष्कळ होते. हे कोणी आधी सांगितले नसेल तर माणूस ॲलर्जी झाली असे समजून औषध फेकून देतो. दाह कमी होत जातो तशी जळजळही साधारण आठवडाभरात ओसरते. चेहरा धुतल्यावर 15 ते 20 मिनिटे थांबून त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर, अगदी थोडे, मुगाच्या दाण्याहून कमी मलम दोन्ही पापण्यांना पुरवावे. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. नळी थंड जागी ठेवल्यास जळजळ थोडी सुसह्य होते. उन्हात टोपी आणि गडद चष्मा वापरावा. गर्भधारणा झाली असेल किंवा तसा विचार असेल, तर लावण्याआधी डॉक्टरांना कळवावे. त्वचा पूर्ववत झाल्यावरही ते लगेच बंद न करता आठवड्यातून दोनदा काही महिने लावत राहण्याची पद्धत आहे, आणि त्याने पुढचे उद्रेक लांबतात.

याच्या जोडीला सुगंध नसलेले साधे पेट्रोलियम जेलीसारखे स्निग्ध मलम दिवसातून दोन-तीन वेळा लावावे. चेहरा कोमट पाण्याने धुवावा, साबण पापण्यांपासून दूर ठेवावा आणि शाम्पू लावताना डोके मागे झुकवून पाणी मागच्या बाजूला जाऊ द्यावे. याहून अधिक काही करण्याची गरज नाही. पापणीवर जितक्या कमी वस्तू पोहोचतील तितके बरे.

काही लक्षणे दिसली तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. पापणीवर पाण्याने भरलेले बारीक, एकसारखे फोड उठले, ते फुटून गोल खोलगट व्रण झाले, खाजेपेक्षा वेदना जास्त झाली, ताप आला, डोळा लाल होऊन उजेड सहन होईनासा झाला किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इसबाच्या त्वचेवर नागिणीच्या जातकुळीतील हर्पिस विषाणूचा संसर्ग वेगाने पसरतो आणि बुबुळापर्यंत गेल्यास दृष्टीवर घाला येतो. अशा वेळी टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड दोन्ही थांबवून विषाणूविरोधी औषध तातडीने सुरू करावे लागते. तसेच त्रास पुढे कधी एकाच पापणीवर अडून राहिला, तिथले केस गळू लागले किंवा गाठ हाताला लागली, तर त्याला इसब समजून मलमे लावत न बसता तुकडा काढून तपासणी करून घ्यावी. पापण्या जांभळट दिसून जिना चढताना किंवा हात वर करताना अशक्तपणा वाटू लागला, तर तोही वेगळ्या रोगाचा इशारा असतो.

कायमचे बरे होण्याविषयी मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. संपर्कजन्य ॲलर्जीचे कारण सापडले आणि ते कटाक्षाने टाळले, तर त्या भागापुरता रोग खरोखर थांबतो, मात्र ॲलर्जी स्वतः बहुधा आयुष्यभर राहते. पुन्हा संपर्क आला की ती पुन्हा उठेल. ॲटोपीची प्रवृत्ती जात नाही, पण ती महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे शांत राहू शकते, आणि उद्रेक झालाच तर तो कसा आवरायचा हे तुम्हाला तेव्हा माहीत असेल. साध्या उपचारांना न जुमानणाऱ्या, अंगभर पसरलेल्या ॲटोपिक इसबासाठी 2017 पासून डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनेही उपलब्ध झाली आहेत. त्यांनी काही जणांचे डोळे लाल होतात, आणि तुमच्या पत्रावरून तरी तुम्हाला त्यांची गरज भासेल असे वाटत नाही.

मुलीला संपर्कजन्य ॲलर्जी वारशाने मिळत नाही. ॲटोपीची प्रवृत्ती मिळू शकते. परंतु ॲटोपिक इसब बहुतेकांमध्ये पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागतो, आणि सहाव्या वर्षी तिची त्वचा स्वच्छ असेल तर तिच्याकडे रोज धास्तीने पाहण्याची गरज नाही. तिच्या नखांना मात्र खेळ म्हणूनही जेल पॉलिश लावू देऊ नका, कारण ॲक्रिलेटची ॲलर्जी वारशाने नव्हे, संपर्कानेच सुरू होते.

डॉक्टरांकडे पुन्हा जाताना जुन्या मलमाची रिकामी नळी, शाम्पू, क्रीम आणि डोळ्यांचे थेंब यांची वेष्टने, तसेच नखांच्या पॉलिशचे नाव एका पिशवीत घालून न्या. त्रास वाढलेल्या दिवशी उजेडात काढलेले पापण्यांचे छायाचित्रही दाखवा, कारण भेटीच्या दिवशी पापण्या नेमक्या बऱ्या दिसतात. टॅक्रोलिमस मी भीतीपोटी लावले नाही, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा. नाहीतर ते औषध लागू पडले नाही असा गैरसमज होऊन उपचारांची दिशा विनाकारण बदलेल.

आपला,
सल्लागार त्वचारोगतज्ज्ञ